उन्हाळी भाजीपाल्याची परसबाग : कोल्हापुरात माघापासून वळवापर्यंत

जानेवारीच्या अखेरीस कोल्हापूरच्या रस्त्यांवरून उसाच्या ट्रॉल्या धावत असतात, पहाटे अजून स्वेटर लागतो आणि उन्हाळी भाजीची आठवण फारशी कोणाला होत नाही. ती होते होळीनंतर, मंडईत गवारीचा दर ऐकल्यावर. मग घाईने आणलेले बी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मातीत पडते. फुलेवाडीच्या बाजूला आमच्या वसाहतीतील आठ-दहा घरे गेली काही वर्षे कोणी गच्चीवर, कोणी परड्यात भाजी लावतात. रविवारी सकाळी आम्ही एकमेकांच्या बागा पाहतो, तरू (लावणीसाठी वाढवलेली कोवळी रोपे) आणि बियाणे वाटून घेतो आणि कोणाचे काय फसले हेही मोकळेपणाने सांगतो. त्यातून एक गोष्ट दरवर्षी दिसत आली आहे. ज्या घरी मार्च संपण्यापूर्वी झाडाच्या मुळ्या कुंडीच्या तळापर्यंत पोहोचलेल्या असतात, तिथे मे महिन्यातही भाजी निघते. जिथे त्या वरच्या चार बोटांतच राहतात, तिथे दोन वेळा पाणी घालूनही झाड नुसते उभे राहते. पुढील सर्व सूचना याच अनुभवावर आधारलेल्या आहेत.

पेरणीची वेळ

‘होळी झाली की बी टाका’ असे जुनी माणसे सांगत असत, परंतु होळी आणि पाडवा यांच्या इंग्रजी तारखा वर्षागणिक जवळजवळ महिन्याच्या अंतराने पुढे-मागे होतात. पाडवा कधी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, तर कधी एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडतो. झाडाला तिथी कळत नाही, त्याला रात्रीचा गारवा कळतो. म्हणून सणाऐवजी तारीख धरावी आणि तारखेबरोबर पहाटेचे हवामानही पाहावे.

वांगी, टोमॅटो आणि मिरची यांचे बी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तरूसाठी टाकावे, म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ४ ते ५ आठवड्यांचे तरू लावणीला तयार होते. यांत टोमॅटोची घाई सर्वाधिक आहे, कारण दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचेही चढे राहू लागले की टोमॅटोची फुले फळ न धरता गळतात. एप्रिलमध्ये कोल्हापुरात नेमके तेच घडते. टोमॅटोचे मुख्य पीक मार्चअखेर झाडावर दिसले नाही, तर त्या वर्षी त्याची आशा सोडलेली बरी.

भेंडी, गवार, चवळी आणि सर्व वेलवर्गीय भाज्या यांना मात्र थंडीत पेरून उपयोग नसतो. गार मातीत भेंडीचे बी फुगते, रुसून बसते आणि कुजते. साधारणपणे ५ फेब्रुवारीनंतर पहाटेचा गारठा कमी झाला की पेरणीला सुरुवात करावी आणि १० मार्चपर्यंत ती संपवावी. पहिली तोडणी काकडीची ४० ते ४५ दिवसांत, भेंडी, गवार व चवळीची ४५ ते ५५ दिवसांत आणि दोडका, कारले व दुधी यांची ५५ ते ६० दिवसांत मिळते. हा हिशेब मांडला की एप्रिलच्या प्रारंभापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागेपर्यंत दोन महिने भाजी मिळते आणि १० मार्चनंतरचा प्रत्येक आठवडा त्यातूनच वजा होतो. पालेभाज्यांना हा नियम नाही. पोकळा, लाल माठ आणि तांदुळजा २५ ते ३० दिवसांत काढणीला येतात, म्हणून त्या दर पंधरा दिवसांनी मूठभर पेरत राहाव्यात. मेथी व कोथिंबीर मात्र मार्चनंतर लवकर फुलावर येतात, त्यांचा आग्रह धरू नये.

जागा, ऊन आणि स्लॅबचा भार

फळभाजीला रोज किमान सहा तास ऊन हवे, परंतु मार्चपासून हे ऊन सकाळचे असावे. पूर्वेला उघडी आणि पश्चिमेला भिंतीची किंवा शेजारच्या इमारतीची आडोसा असलेली जागा उन्हाळी बागेसाठी उत्तम असते. परड्यातील जमिनीला ही अडचण फारशी नसते. गच्चीवर मात्र दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी पाचला सर्वाधिक त्रास देतो. त्या वेळी अनवाणी पायाने गच्चीवर दोन मिनिटे उभे राहून पाहावे. आपले पाय ज्या जागी टेकवत नाहीत, त्या जागी कुंडीतील मुळ्या दिवसभर टेकलेल्या असतात. यासाठी प्रत्येक कुंडी किंवा पिशवी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते आणि पाण्याचा निचराही होतो.

वजनाचा विचार पहिल्या दिवशीच करावा. १२ इंच रुंद व तितक्याच उंच ग्रो-बॅगमध्ये सुमारे २० लिटर माती बसते आणि पाणी दिल्यानंतर ती २५ किलोच्या आसपास भरते. वेलांसाठी लागणारा ५० लिटरचा कापलेला ड्रम ओला झाला की ६०-७० किलोंवर जातो. असे ड्रम गच्चीच्या मध्यभागी न ठेवता खालच्या भिंतींच्या किंवा बीमच्या रेषेवर, कठड्यालगत ठेवावेत. जुन्या इमारतीवर राहणाऱ्यांनी ड्रम चढवण्यापूर्वी जाणकाराला स्लॅब दाखवावा.

काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या उन्हात फार तापतात. पश्चिमेच्या बाजूने त्यांना तरटाचे जुने पोते गुंडाळावे. दिसायला बाग थोडी गबाळी वाटते, पण मुळ्या वाचतात.

माती तयार करणे

नदीकाठच्या आणि शहराच्या पूर्वेकडच्या भागातील काळी माती सुपीक असली, तरी कुंडीत ती नुसती भरणे ही मोठी चूक ठरते. ओली असताना ती लोण्यासारखी चिकटते, सुकली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मग घातलेले पाणी कडेच्या फटीतून थेट खाली निघून जाते. वरून पाहणाऱ्याला वाटते की भरपूर पाणी दिले. प्रत्यक्षात मधला गोळा कोरडाच राहतो. पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी माती याच्या उलट, निचऱ्याची पण ओल न धरणारी. दोन्ही मिळाल्या तर समभाग मिसळाव्यात. एकच मिळाली तरी पुढील प्रमाणाने काम भागते. चार घमेली माती, तीन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि तीन घमेली धुऊन पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अथवा कुजलेल्या पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचे, खत घ्यावे. माती केवळ काळी असेल तर कोकोपीटमधील एक घमेले कमी करून त्या जागी जाड वाळू घालावी. प्रत्येक २० लिटरच्या पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी.

‘पूर्ण कुजलेले’ या शब्दावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. गावात म्हशींचे गोठे भरपूर, त्यामुळे शेण सहज मिळते आणि मोहही तितकाच होतो. एका वर्षी मी फेब्रुवारीत एका गोठ्यावरून पोतेभर ‘जुने’ शेणखत आणले आणि वास न घेता पिशव्यांत मिसळले. आठ दिवसांत चवळीची रोपे पानांच्या कडेने करपली, कारण अर्धवट कुजलेले शेण ओल मिळताच पुन्हा तापू लागले होते. जी रोपे तगली, ती महिन्याभराने एकेक करून माना टाकू लागली. पिशवी उलटी केली तेव्हा आत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या हुमणी अळ्या निघाल्या. तेव्हापासून शेणखत घेताना त्यात मूठ घालून पाहतो. ते हाताला गार, भुसभुशीत लागावे आणि त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास यावा. शेणाचा वास येत असेल तर ते अजून चार महिने बाजूला ठेवावे. घरी आणलेले खत ताडपत्रीवर पातळ पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवले की अळ्या वर येतात आणि साळुंक्या त्या वेचतात.

साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, कोणी आणून दिली तर तीही ताजी वापरू नये, कारण तीसुद्धा कुजताना तापते. गुऱ्हाळाच्या चुलाणाची राख पालाशासाठी (पोटॅशसाठी) चांगली असली, तरी आपल्याकडच्या काळ्या मातीत ती पिशवीमागे दोन चमच्यांहून अधिक घालू नये. ही माती मुळातच क्षाराकडे झुकलेली असते.

मिश्रण भरल्यानंतर पिशवीचा वरचा तीन बोटे भाग पाणी आणि आच्छादन यांसाठी रिकामा ठेवावा, एकदा तळातून पाणी निथळेपर्यंत भिजवावे आणि वाफसा आल्यानंतरच, म्हणजे चार-पाच दिवसांनी माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली की, पेरणी करावी.

पिकांची आणि वाणांची निवड

घरातील चार माणसांना आठवड्यातून दोनदा भाजी पुरावी, असे वाटत असेल तर थोडी पिके निवडून ती पुरेशा संख्येने लावावीत. भेंडीची तीन झाडे लावली तर एका वेळेला सहा भेंड्या निघतात आणि त्या कालवणालाही पुरत नाहीत. भेंडीची किमान १६ ते २० झाडे हवीत. त्याउलट दोडक्याचे दोन वेल आणि मिरचीची चार झाडे एका घराला पुष्कळ होतात.

भेंडीसाठी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखे, केवडा रोगाला बऱ्यापैकी तोंड देणारे वाण घ्यावेत. गवारीत पुसा नवबहार हा फांद्या न फुटता सरळ वाढणारा वाण असल्यामुळे तो पिशवीत दाटीने बसतो. चवळीत पुसा कोमल बुटका आहे, त्याला मांडव लागत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वेलवर्गीय भाज्यांत चांगले वाण दिले आहेत. काकडीत पांढरट फळांचा हिमांगी आणि हिरव्या फळांचा फुले शुभांगी, दोडक्यात फुले सुचेता, कारल्यात हिरकणी आणि फुले ग्रीन गोल्ड, दुधीत सम्राट ही नावे लक्ष्मीपुरीतील बियाण्यांच्या दुकानात विचारून पाहावीत. वांग्याच्या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही. कृष्णाकाठच्या काटेरी वांग्याचे तरू मिळाले तर तेच लावतो, कारण भरल्या वांग्याला दुसरे चालत नाही.

पाकिटावर ‘संकरित’ असे लिहिलेले असेल तर उत्पन्न अधिक मिळेल, पण त्याचे बी पुढच्या वर्षासाठी ठेवता येणार नाही, कारण त्यातून मूळ झाडासारखी झाडे येत नाहीत. बी गुलाबी किंवा निळसर रंगाचे असेल तर त्याला औषध चोळलेले असते. ते हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि मुलांच्या हाती ते देऊ नये.

मंडईतील दुधीसाठी २० लिटरची पिशवी पुरेल, असा गैरसमज अनेकांचा असतो. दुधी व भोपळा यांना किमान ५० लिटरचा ड्रम लागतो, दोडका, कारले व काकडी ३० ते ४० लिटरमध्ये येतात, वांगे व टोमॅटो यांना प्रत्येकी २० लिटर पुरते आणि तेवढ्याच पिशवीत भेंडीची दोन किंवा गवारीची तीन झाडे बसतात.

पेरणी आणि लावणी

भेंडीचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे आणि सकाळी तरंगणारे बी काढून टाकावे. कारले, दोडका आणि दुधी यांच्या बियांचे कवच टणक असते. त्यांच्या टोकदार बाजूचा अगदी थोडा भाग नेलकटरने कापून बी १२ तास भिजवावे, मग ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावे. डबा स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागे किंवा उबदार फळीवर ठेवला की तीन-चार दिवसांत मोड दिसतो. मोड पाव इंचापेक्षा लांब होऊ देऊ नये, नाहीतर लावताना तो मोडतो. औषध चोळलेले बी मात्र भिजवू नये, ते तसेच कोरडे टोकावे.

बी टोकताना ते साधारण पाऊण इंच खाली जावे. एका जागी दोन बिया टोकाव्यात आणि दोन खरी पाने आली की अशक्त रोप उपटून न काढता कात्रीने जमिनीलगत कापावे, कारण उपटताना शेजारच्या रोपाची मुळे हलतात. जमिनीत भेंडीच्या दोन ओळींत ३० सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे.

तरूची लावणी नेहमी संध्याकाळी पाचनंतर करावी. दोन तास आधी तरूला पाणी द्यावे, मुळाभोवतीचा मातीचा गोळा न फोडता ते लावावे आणि टोमॅटोचे खोड खालच्या पानांपर्यंत मातीत पुरावे, कारण पुरलेल्या भागाला नवीन मुळे फुटतात. वांगे व मिरची मात्र रोपवाटिकेत होती तितक्याच खोलीवर लावावीत. पहिले चार दिवस दुपारी ११ ते ४ या वेळेत रोपावर जुनी टोपली किंवा भोके पाडलेला पुठ्ठा पालथा घालावा.

पाचटाचे आच्छादन

आमच्या भागाला उन्हाळी बागेसाठी जी सोय आहे, ती बऱ्याच शहरांना नाही. गळीत हंगाम मार्चपर्यंत चालतो, म्हणजे आपल्या झाडांना आच्छादन हवे असते त्याच दिवसांत आजूबाजूच्या शिवारांत ऊस तुटत असतो आणि पाचट शेतातच पडून असते. बांधावर जाऊन शेतकऱ्याला विचारले तर दोन पोती पाचट नेण्यास सहसा कोणी नको म्हणत नाही. पाचट दोन दिवस उन्हात वाळवून, विळ्याने वीतभर लांबीचे तुकडे करून, रोप चार बोटे उंच झाल्यावर त्याभोवती ३ ते ४ इंच जाडीचा थर द्यावा. थर खोडाला चिकटू देऊ नये. दोन बोटे मोकळी जागा ठेवावी, नाहीतर खोडाचा बुंधा कुजतो. पाचटाच्या कडा धारदार असल्यामुळे हातमोजे घालावेत. परड्यात वाळवी असेल तर थर पातळ ठेवून आठवड्यातून एकदा हलवावा.

आच्छादनाचा परिणाम डोळ्यांनी पाहण्यासारखा असतो. गेल्या वर्षी २० एप्रिलच्या दुपारी मी शेजारी ठेवलेल्या दोन वांग्यांच्या पिशव्या तपासल्या. उघड्या पिशवीतील मातीचा वरचा थर पापडासारखा सुटला होता आणि बोट आत जात नव्हते. दुसऱ्या पिशवीतील पाचट बाजूला केले तर खालची माती काळीभोर, ओलसर होती आणि पाचटाच्या सांध्यांतून केसासारख्या पांढऱ्या मुळ्या वर चढून आल्या होत्या. दोन्ही पिशव्यांना सकाळी सारखेच पाणी दिले होते.

पाणी देण्याची पद्धत

पाणी सकाळी सातच्या आत द्यावे. गच्चीवरील काळ्या टाकीतील आणि उन्हात पसरलेल्या रबरी पाइपातील पाणी दुपारनंतर हाताला चटका देते. संध्याकाळी पाणी देण्याची वेळ आलीच तर पाइपातील पहिली बादली बाजूला काढून थंड होऊ द्यावी. रोप लहान असताना दिवसाआड, पण मुळांच्या खालपर्यंत पोहोचेल इतके पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडले की मुळ्या वरच राहतात आणि एप्रिलमध्ये सर्वांत आधी तीच झाडे माना टाकतात. पाणी हवे की नाही हे ठरवण्यासाठी तर्जनी दोन पेरे मातीत खुपसावी. टोकाला ओल लागली तर थांबावे. एप्रिल-मेमध्ये फळांनी भरलेल्या वांग्याच्या झाडाला दिवसाला दीड ते दोन लिटर, तर दुधीच्या ड्रमला तीन-चार लिटर पाणी लागते.

दुपारी दोन वाजता काकडीची आणि दुधीची पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी घालू नये. मोठ्या पानांच्या वेलांचा उन्हापासून बचावाचा तो मार्ग आहे. संध्याकाळी सहापर्यंत पाने पुन्हा ताठ झाली तर सारे ठीक समजावे, सकाळीही ती लोंबत असतील तरच मुळाशी काही बिघडले आहे. टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडणे हेही बहुधा पाण्याच्या अनियमितपणामुळे होते: चार दिवस सुके, मग एकदम भरपूर पाणी अशा पद्धतीत झाडाला चुना नीट मिळत नाही.

बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांच्या कुंड्यांवर पांढरा क्षार जमतो. त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा नळाचे साधे पाणी तळातून भरपूर निथळेपर्यंत द्यावे.

मांडव आणि सावली

वेल हातभर झाल्यानंतर मांडवाची धावपळ करण्यापेक्षा पेरणीच्या दिवशीच तो उभा करावा. बांबू आणि सुतळीचा सहा फूट उंच मांडव पुरेसा असतो. तो गच्चीच्या पश्चिम कडेला बांधला तर दोडक्याचा वेलच एप्रिलमध्ये मागच्या मिरच्यांना सावली देतो. शेडनेट घ्यायची असेल तर ५० टक्क्यांपेक्षा दाट घेऊ नये आणि ती मार्चच्या शेवटच्या आठवड्याआधी बांधू नये. लवकर सावली मिळालेली भेंडी उंच, लुकडी होते आणि फुले उशिरा देते.

फुले येतात पण फळ धरत नाही

ही तक्रार आमच्या रविवारच्या बैठकीत दरवर्षी येते. वेलांवर आधी नर फुले येतात आणि मादी फुलांना त्यानंतर आठवडाभर तरी लागतो, म्हणून पहिली फुले गळाली तर काळजीचे कारण नसते. कडक उन्हात नर फुलांचे प्रमाण वाढते, हेही ध्यानात ठेवावे. मादी फूल ओळखणे सोपे आहे. त्याच्या पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढे छोटे फळ असते. मादी फुले येऊनही ती पिवळी पडून गळत असतील तर मधमाश्या पोहोचत नाहीत, असे समजावे. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत हे नेहमीचे आहे.

अशा वेळी परागीभवन हाताने करावे, पण प्रत्येक वेलाची वेळ वेगळी असते. काकडी व कारल्याची फुले सकाळी उमलतात, तेव्हा साडेनऊच्या आत काम उरकावे. दोडका आणि दुधी यांची फुले मात्र संध्याकाळी उमलतात. पाच वाजता दोडक्याच्या वेलापाशी उभे राहिले तर मिटलेल्या कळ्यांच्या पिवळ्या कडा सैल होताना दिसतात आणि दिवेलागणीपर्यंत सारा मांडव पिवळा होतो. तेव्हा ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात, मधला पिवळा, भुकटीने भरलेला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच तीन-चार वेळा टेकवावा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुले होतात. दोन दिवसांनी फळ हिरवे राहून खाली झुकले तर काम झाले. दुधीचा मुख्य शेंडा वेल सहा फुटांचा झाल्यावर खुडला की बगलफांद्या फुटतात आणि मादी फुले त्यांच्यावर अधिक येतात.

वरखत

लावणीनंतर तीन आठवड्यांनी प्रत्येक पिशवीत दोन मुठी गांडूळखत घालून मातीची भर द्यावी आणि दर पंधरा दिवसांनी ती पुनरावृत्ती करावी. मधल्या आठवड्यांत जीवामृत द्यावे. घरगुती प्रमाण असे : १० लिटर पाण्यात अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम काळा गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. हे सावलीत, फडक्याने झाकून, दिवसातून दोनदा काठीने ढवळत दोन ते तीन दिवस ठेवावे आणि दसपट पाण्यात मिसळून ओल्या मातीत द्यावे. आठवड्यात संपवावे. गुळाच्या गावात राहून यासाठी पिवळाधमक, देखणा गूळ घेणाऱ्यांना मी अडवतो. स्वस्त काळा गूळ अधिक योग्य असतो.

गवार आणि चवळी यांना वरखताची गरज जवळजवळ नसते. त्यांना लाडाने खत घातले की पानेच वाढतात.

कीड आणि रोग

रोज सकाळी पाणी देताना प्रत्येक झाडाचे एक पान उलटे करून पाहण्याची सवय लावली तर औषधाची वेळ क्वचित येते. काकडी-दोडक्याची रोपे दोन पानांची असतानाच नारिंगी-लाल भुंगेरे त्यांना चाळणीसारखे करून टाकतात. पहाटे गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांच्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. ५० ग्रॅम निंबोळी भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवून दर आठ दिवसांनी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. जोडीला पिवळे चिकट सापळे टांगावेत.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसू लागली तर तो केवडा होय. मिरचीची पाने वर वळून बारीक झाली तर तो बोकड्या. हे दोन्ही रोग विषाणूचे असल्याने त्यांवर औषध नाही. केवडा पांढरी माशी पसरवते आणि मिरचीच्या पानांचा मुरडा काही वेळा फुलकिडे व कोळी यांच्यामुळेही येतो. म्हणून मिरचीवर दोनदा निंबोळी अर्क फवारून नवीन शेंडा सरळ येतो का ते पाहावे, न आल्यास झाड काढावे. भेंडीचे झाड मात्र त्याच दिवशी उपटावे. ‘दोन भेंड्या लागल्या आहेत, त्या काढून मग टाकू’ असे म्हणणाऱ्या घरी आठवड्यात निम्मी रांग पिवळी झालेली मी पाहिली आहे.

दोडका व कारल्याची कोवळी फळे वाकडी होऊन एका ठिकाणी डिंकासारखा थेंब दिसला की आत फळमाशीची अळी आहे. क्यू-ल्यूर गोळीचा (फळमाशीला ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा फुले येण्यापूर्वी टांगावा, फळ बोटाएवढे झाले की त्यावर वर्तमानपत्राची पिशवी चढवावी आणि किडलेली फळे कंपोस्टमध्ये न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवावीत. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी दिसू लागली तर, आंबट ताक दसपट पाण्यातून फवारावे. गंधकाची फवारणी एप्रिल-मेच्या उन्हात करू नये, वेलांची पाने करपतात.

वळवाची तयारी

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुमारास दुपारी आभाळ दाटून येऊ लागते. वळवात पाण्यापेक्षा वारा आणि गारा यांनी अधिक नुकसान होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मांडवाच्या बांबूंना कठड्याशी तारेने पक्के बांधावे, वांगी व मिरचीला काठीचा आधार द्यावा आणि शेडनेट असेल तर ती एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधावी, कारण ताणलेली नेट वाऱ्यात शिडासारखी फुगून मांडवच उपटते. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी देऊ नये, मोडलेल्या फांद्या कात्रीने साफ कापाव्यात आणि पानांवर उडालेली माती सकाळी धुऊन टाकावी. गारांनी फाटलेली पाने मात्र लगेच काढू नयेत. नवीन फूट येईपर्यंत झाडाचा आधार तीच असतात.

बियाणे राखणे

मेच्या पहिल्या आठवड्यात भेंडी आणि गवारीच्या सर्वांत निरोगी, केवडा न आलेल्या दोन झाडांना दोरा बांधावा आणि त्यांवरील मधल्या फळीतील चार-पाच शेंगा न तोडता वाळू द्याव्यात. संकरित वाणांचे बी ठेवू नये. शेंग वाळून तडकू लागली की पाऊस लागण्याआधी ती काढावी, बी चार दिवस सावलीत सुकवावे, दाताखाली कट्‌कन तुटते याची खात्री करावी आणि चाळलेल्या राखेत मिसळून काचेच्या बाटलीत भरावे. बाटलीवर वाणाचे नाव, पेरणीची तारीख, पहिल्या तोडणीची तारीख आणि झाड गच्चीवर होते की परड्यात, या चार नोंदी लिहाव्यात. आमच्याकडे जूनच्या पहिल्या रविवारी या बाटल्या एका ओसरीवर मांडल्या जातात आणि ज्याच्या चिठ्ठीवर फेब्रुवारीची तारीख असते, त्याचे बी आधी संपते.